आधी एक-चौदाचा उतारा वाचायला शिका

फोंड्याच्या एका मुलीने विचारले आहे : गोवा विद्यापीठातून सागरी विज्ञानात एम.एस्सी. झाले. संशोधनात रमेन असे वाटत नाही, पर्यावरणाची पत्रकारिता करायची आहे. त्यासाठी पत्रकारितेची वेगळी पदवी घ्यावी का? मराठीतून लिहून पुढे काही वाव आहे का? आणि यात पोट भरते का? घरी आई म्हणते, बी.एड. कर आणि हायस्कूलात लाग.

मी रसायनशास्त्र शिकून या धंद्यात आले. आधी पणजीत एका मराठी दैनिकात बातमीदारी केली, मग स्वतंत्रपणे लिहू लागले, आजही तेच करते. या वाटेवरचे खड्डे बऱ्यापैकी ओळखीचे आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

तुम्ही अभ्यासक्रमाचे विचारताय, पण खरी अडचण दुसरीकडे आहे असे मला वाटते. विज्ञान शिकलेला माणूस पर्यावरणाची बातमी प्रयोगशाळेत शोधायला जातो. गोव्यात ती तिथे क्वचितच सापडते. ती असते मामलेदार कचेरीत, नगरनियोजन खात्याच्या नोटिशीत, ग्रामसभेत, कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, लिलावात आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयातल्या आदेशात. आपल्याकडे पर्यावरणाचा वाद म्हणजे बहुतेक वेळा जमिनीचा वाद. जमीन कुणाची, कुठल्या झोनमध्ये होती, आता कुठल्या झोनमध्ये आहे, कुणाच्या अर्जावरून बदलली. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत तुम्हाला सर्व्हे नंबर कसा शोधायचा हे कुणी शिकवलेले नसणार. तेव्हा पहिला धडा तोच घ्या. एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाची आणि कसणारा कोण हे सांगणारा कागद, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा), प्रादेशिक आराखड्याचा नकाशा आणि सरकारी राजपत्र, ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून एकाच तुकड्याची कथा सांगता आली पाहिजे. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९ अ खालच्या झोनबदलाच्या नोटिसा निघतात, हरकतींसाठी मुदत असते, आणि ज्या गावातली जमीन त्या गावाला बहुधा पत्ताच नसतो. तो पत्ता वेळेत लागणे हीच अर्धी बातमी असते.

खाजनाचे उदाहरण घेऊ, कारण ते तुमच्या विषयाला जवळचे आहे. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा यांच्या काठची ही सखल शेते. बांध घालून खारे पाणी अडवलेले, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तशी मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना उघडते. एका पावसाळ्यात बांध फुटतो, शेतात खारे पाणी भरते आणि दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून येतात : बांध फुटला, शेतीचे नुकसान, शेतकरी हवालदिल. तुम्ही तिथे गेलात तर तुमचे शिक्षण लगेच कामाला येईल. क्षारता किती वाढली, खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगुट भातसुद्धा इथे येईल का, पुढच्या पावसात माती कितपत धुऊन निघेल, हे तुम्हाला विचारता येईल. इतर बातमीदारांना ते सुचणार नाही.

पण दुसरा अर्धा भाग बांधावर उभे राहून दिसत नाही. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पैसे मोजून हक्क घेतला त्याला पाणी जास्त आत आलेले हवे असते, शेतकऱ्याला ते नको असते. दोघांचे पोट एकाच दाराला बांधलेले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादकडून कुळांच्या संघांकडे गेली. म्हणजे विचारायचे प्रश्न असे : संघाची शेवटची बैठक कधी झाली? पावणीचे पैसे बांधावर खर्च झाले की नाही? दुरुस्तीचा प्रस्ताव कृषी खात्यात कुठल्या टेबलावर आहे? फुटलेला बांध तसाच राहिला तर काही वर्षांत आत खारफुटी उगवते. खारफुटीला किनारी नियमन क्षेत्राचे संरक्षण आहे, त्यामुळे ते शेत पुन्हा शेत होणे कठीण. शिवाय २०११ च्या किनारी अधिसूचनेत गोव्यापुरती वेगळी तरतूद आहे की खाजन जमिनीत विकासकामांना परवानगी नाही. आता बघा, चार ओळींच्या बातमीत जीवशास्त्र आले, कूळ कायदा आला, लिलावाचा हिशोब आला आणि किनारी नियमही आले. खारफुटी वाढली की शहरातला वाचक खूश होतो. ज्याचे शेत गेले त्याला ती नकोशी असते. दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची घाई करू नका. बांध कुणी आणि का सांभाळला नाही, हे आधी लिहा.

तुमच्या विज्ञानाची किंमत मी कमी करत नाही. तुमच्याकडे एक खोड आहे जी पत्रकारितेच्या वर्गात सहसा लागत नाही : आकडा आला की तो मोजला कसा, हे विचारायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नदीच्या पाण्याचे तक्ते बघा. आंघोळीच्या पाण्यासाठीचे निकष ठरलेले आहेत : बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, १०० मिलिलिटरमागे ५०० असावे आणि फार तर २,५००. तक्त्यात एखाद्या महिन्याचा आकडा मर्यादेत दिसला की खाते म्हणते नदी स्वच्छ, आणि पुढच्या महिन्यात तो वाढला की मथळा येतो नदी विषारी. तुम्ही मात्र विचारणार : नमुना भरतीला घेतला की ओहोटीला? साळसारख्या नदीत भरतीचे पाणी आत येऊन घाण पातळ करते, ओहोटीला तीच घाण मुखाकडे उतरते. एकाच दिवशी दोन वेगळे आकडे येऊ शकतात. नमुन्याची जागा नाल्याच्या वर की खाली? टोटल कॉलिफॉर्मचा आकडा कुणी फीकलच्या रकान्यात तर वाचला नाही ना? हे विचारणारा बातमीदार एखाद्या अधिकाऱ्याला नकोसा होतो आणि दुसऱ्याला हवाहवासा. दुसऱ्या प्रकारचे अधिकारी असतात, ते तुम्हाला शोधत येतील.

पर्यावरण आघात अहवालांचेही तसेच. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी लागणारी मूळ स्थितीची नोंद बऱ्याच प्रकल्पांसाठी एका हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खाणीच्या डंपची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाची, माती शेतात येते ती तेव्हाच, झऱ्यांना पाणी चढते तेव्हाच, बेडूक दिसतात तेही तेव्हाच. मार्चमध्ये फिरलेल्या माणसाने 'ओढा नाही' असे लिहिले तर ते खोटे नसते, आणि तरी अहवाल चुकीचा ठरतो. माझी सवय सांगते. अहवाल हातात आला की मी आधी सर्वेक्षणाच्या तारखा बघते, मग प्राण्यांची यादी, आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. प्राण्यांच्या यादीत आपल्याकडे न आढळणारी नावे निघाली तर यादी दुसऱ्याच अहवालातून उचललेली असण्याची शंका घ्या. मग जाणकाराला दाखवा, स्वतः निकाल देऊ नका.

इथे आपल्या धंद्याची एक गंमत सांगते. मंजुरीआधी प्रकल्पावर जनसुनावणी होते, तिची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावीच लागते, किमान ३० दिवस आधी. म्हणजे बातमी तुमच्याच वर्तमानपत्राच्या जाहिरातीच्या पानावर बारीक टाइपात छापलेली असते आणि वार्ताहरांच्या खोलीत ती कुणी वाचत नाही. ती वाचा. मंजुरी मिळाल्यावरही घड्याळ सुरूच असते. हरित न्यायाधिकरणाकडे मंजुरीविरुद्ध अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण दिले तर आणखी ६० पर्यंत. दोन महिन्यांनी केलेली सुंदर, सखोल, छायाचित्रांसह मोठी स्टोरी गावाच्या काहीच उपयोगाची नाही असे होऊ शकते. संशोधकाला सगळे कळल्याशिवाय लिहायचे नसते. इथे जेवढे पक्के आहे तेवढे आज लिहायचे आणि उरलेले पुढच्या आठवड्यात. विज्ञानातून आलेल्यांना हे सगळ्यात जड जाते.

आता भाषेचे. मराठीत लिहिलेले वाया जाते ही समजूत डोक्यातून काढा. केरी-सत्तरीचे राजेंद्र केरकर म्हादई नदी आणि सत्तरीच्या जंगलांबद्दल मराठीतून वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. गोव्यात म्हादई हा घराघरातला विषय झाला त्यात त्या लिखाणाचा वाटा मोठा आहे. तज्ज्ञ समित्या, न्यायालये आणि बाहेरचे संपादक इंग्रजी वाचतात, ग्रामसभेत उभा राहणारा माणूस मराठी वाचतो आणि कोकणीत बोलतो. तुम्हाला तिन्ही येतात. मुलाखत कोकणीत घ्या, बातमी मराठीत द्या, आणि त्याच सामग्रीवर बाहेरच्यांसाठी इंग्रजीत वेगळा लेख करा. मोंगाबे इंडिया किंवा डाउन टू अर्थसारख्या ठिकाणी गोव्याचा लेख विकायचा तर गावातले काहीतरी पक्के लागते, आणि ते मराठी-कोकणीत हिंडणाऱ्यालाच मिळते. फक्त भाषांतर पाठवू नका. सत्तरीच्या वाचकाला अंजुणे धरण कुठे आहे ते सांगावे लागत नाही, दिल्लीच्या संपादकाला गोव्यात वाघ आहेत इथपासून सांगावे लागते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्ले मरून पडल्यावर बाहेरच्या बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळले.

मराठी लिहिताना तज्ज्ञाची भाषा जशीच्या तशी उतरवू नका, आणि सरकारी परिभाषा तर मुळीच नको. लोक 'डंप' म्हणतात, 'बार्ज' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. 'मुसळधार' हा शब्द मात्र जपून वापरा. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. नव्या बातमीदाराला जूनमध्ये पावसाच्याच बातम्या करायला लावतात. त्या कंटाळवाण्या वाटतील, पण आकड्यांची शिस्त दाखवायची ती चांगली जागा आहे. संपादकाच्या लक्षात येते.

तुमच्या पदवीमुळे एक दार आपसूक उघडेल. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोतले ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, जुने गोव्यातली किनारी शेतीची संशोधन संस्था, शिवाय विद्यापीठ. एवढ्याशा राज्यात एवढे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्याशी बोलणारे बातमीदार फार थोडे. पण ही माणसे सरकारी सेवेत आहेत. 'या प्रकल्पाविषयी तुमचे मत काय' असे विचारले की फोन ठेवतात. त्याऐवजी त्यांचा छापून आलेला शोधनिबंध वाचून जा आणि त्यातला तक्ता समजून घ्या. अर्धा तास बोलतील. प्रकल्पाचा विषय बहुतेक वेळा तेच काढतील. ते 'असू शकते' म्हणतील, तुम्ही 'असू शकते' लिहाल आणि रात्री उपसंपादक मथळ्यात 'आहे' करील. म्हणून बातमीसोबत मथळा स्वतः सुचवून पाठवा. एकदा मथळ्याने घात केला की तो शास्त्रज्ञ तुमच्याशी पुन्हा बोलत नाही, आणि त्याचे शेजारीही बोलत नाहीत.

पैशाचे आता उघड बोलू. दैनिकातला सुरुवातीचा पगार अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पगारापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे आईचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला माहीत नाही. घर तुमच्या कमाईवर चालणार असेल तर सरळ पूर्णवेळ नोकरी असलेली जागा बघा, दैनिक असो की एखाद्या संस्थेतले विज्ञान-संवादाचे काम. दुसरे काम चांगले आहे, पण ते संस्थेच्या वतीने बोलायचे असते, तिच्याविषयी नव्हे, हा फरक विसरू नका. घर चालवायची काळजी नसेल तर दोनेक वर्षे स्थानिक दैनिकात काढा. बी.एड. करून ठेवायला माझा विरोध नाही. पण शाळेत लागून फावल्या वेळात हे करीन असे म्हणाल तर हिशोब नीट करा. ग्रामसभा रविवारी असते, ती जमेल. जनसुनावण्या आणि न्यायालय कामाच्या दिवशी असतात. शिवाय शाळा सरकारी असेल तर लिहिण्यावर बंधने येतात. स्वतंत्र लेखनावर पहिल्या दिवसापासून कुणाचे घर चालत नाही. माझे आजही भाषांतराच्या आणि संपादनाच्या कामांनी सावरते. पाठ्यवृत्ती आणि अर्थ जर्नालिझम नेटवर्कसारख्यांची अनुदाने मिळतात, पण त्यासाठी छापून आलेले काम दाखवावे लागते.

पत्रकारितेच्या पदवीबद्दल : लगेच करू नका. बातमी कशी लिहायची ते डेस्कवर काही महिन्यांत येते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम इथे जाऊन मिळते ती मुख्यतः संगत : पुढे देशभरच्या वृत्तकक्षांत बसणारे वर्गमित्र. गोव्याबाहेर काम करायची इच्छा असेल तर त्याचा उपयोग होतो. गोव्यातच राहायचे असेल तर तेवढ्या पैशांत चांगली स्कूटर, चांगला कॅमेरा असलेला फोन आणि वर्षभराचा पेट्रोलखर्च निघेल. स्कूटर हा विनोद नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत संध्याकाळनंतर बस मिळत नाही आणि माणसे घरी असतात संध्याकाळीच. रेती उपशाच्या जागी मात्र रात्री एकटीने जायचे नाही. गावातल्या ओळखीच्या माणसाला बरोबर घ्या आणि कुठे आहात ते डेस्कला सांगून जा.

दबावही येतो. गोव्यातली काही जुनी दैनिके खाण उद्योगातल्या घराण्यांनी सुरू केली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आज पहिले पान कुणाच्या जाहिरातीने भरते ते कुणीही उघडून पाहू शकतो. याचा अर्थ काहीच छापून येत नाही असा नाही. आदेश, उतारा, माहिती अधिकारातले उत्तर असा कागद असलेली बातमी अडवायला संपादकालाही अवघड जाते, आणि 'परिसरातील नागरिकांमध्ये तीव्र नाराजी' अशी बातमी सहज बाजूला पडते. एका बांधकाम कंपनीच्या वकिलाची नोटीस मला आली होती. कंपनीची बाजू विचारल्याचा ईमेल, उताऱ्याची प्रत आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण दाखवल्यावर प्रकरण तिथेच थांबले. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. एक अर्ज कायम कुठेतरी चालू असू द्या.

आणि एकच विषय धरा. खाणीचा विषय बघा : २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, २०१८ मध्ये ८८ लिजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले. मोलेच्या जंगलातून जाणारे तीन प्रकल्प एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरचित्र-बैठकीत पुढे सरकले. त्यातल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. दर टप्प्यावर नवा बातमीदार पाठवला तर तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून विचारतो, आणि समोरचा अधिकारी त्याला हवे ते सांगून वाटेला लावतो. जो सुरुवातीपासून फायली ठेवून आहे त्याला तसे फसवता येत नाही. तुम्ही फोंड्याच्या. जुवारी तुमच्याच तालुक्याच्या कडेने वाहते, काठावर खाजने आहेत, बार्जांची वाहतूक होती, पलीकडे चिखलीच्या खाडीत काचेसारख्या पातळ शिंपल्यांची कालवे आहेत. एक नदी पुरे. दोन-तीन वर्षे तिच्यावरच लिहा.

पहिला लेख म्हणून घराजवळचे एक खाजन घ्या. सर्व्हे नंबर, एक-चौदा, पावणीची नोंद, संघाचा एक सदस्य, मानशीवरचा माणूस, शेत करणारी एखादी बाई आणि संशोधन संस्थेतला एक शास्त्रज्ञ. सातशे-आठशे शब्दांच्या वर जाऊ नका. छायाचित्रे स्वतःची, प्रत्येकाखाली जागा आणि तारीख. कागदांच्या प्रती वेगळ्या जोडा, म्हणजे संपादकाला तुमच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागणार नाही. ईमेल पाठवून वाट बघत बसू नका, फोन करा, पण दुपारी चारच्या आत. त्यानंतर पाने लावायची घाई सुरू होते आणि तुमचे खाजन बुडत असले तरी कुणी ऐकून घेत नाही.